भाररेषा, जहाजावरील

भाररेषा : जहाजात किती माल भरला असता ते सुरक्षित राहील, हे दर्शविणारी त्याच्या दोन्ही बाजूंवरील कायमची खूण. शांत पाण्यात तरंगणाऱ्या नौकेच्या बाजूला पाण्याचे पृष्ठ जेथे टेकते ती तिची जलरेषा होय. ही रेषा भाराप्रमाणे वरखाली होते. भाररेषा मात्र कायद्याने घातलेली मर्यादा असते. पाण्यापासून डेकपर्यंत मोकळी राहिलेली उंची (फ्रीबोर्ड) हीच वादळात जहाजाची शिल्लक असते. ती संपली की लाटा डेकवर चढतात आणि एकीकडे कललेले जहाज पुन्हा सरळ होऊ शकत नाही.

अशी खूण करण्याची कल्पना जुनी आहे. मध्ययुगात व्हेनिसमध्ये जहाजांच्या बाजूंवर क्रूसाची खूण करीत असत. १८३५ मध्ये लॉइड्स रजिस्टर या संस्थेने मालकोठाराच्या खोलीच्या दर फुटास तीन इंच मोकळी उंची ठेवावी, असा नियम सुचविला. पण तो केवळ सल्ला होता. वाफेची जहाजे आणि स्पर्धा वाढली, तसा मगदुराबाहेर माल भरण्याचा मोह बळावला. जहाज बुडाले, तरी विम्यामुळे मालकाचे नुकसान भरून निघे. उलट करारावर सही केलेल्या खलाशाने अशा जहाजावर जाण्यास नकार दिल्यास त्यालाच तुरुंगवास घडे. या जहाजांना ‘शवपेट्या’ हे नाव पडले ते उगीच नव्हे.

न्यूकॅसलचे जहाजमालक जेम्स हॉल यांनी या प्रश्नाला प्रथम वाचा फोडली. पुढे कोळशाचे व्यापारी व डर्बीचे संसद सदस्य सॅम्युएल प्लिमसॉल (१० फेब्रुवारी १८२४—३ जून १८९८) यांनी तो हाती घेतला. त्यांच्या अवर सीमेन (१८७३) या पुस्तकाने लोकमत खवळले व चौकशी आयोग नेमला गेला. २२ जुलै १८७५ रोजी पंतप्रधान डिझरेली यांनी यासंबंधीचे विधेयक मागे घेताच प्लिमसॉल यांचा तोल गेला आणि भर सभागृहात त्यांनी सदस्यांना ‘नराधम’ म्हटले. त्याबद्दल त्यांना क्षमा मागावी लागली. पण सरकारलाही त्याच वर्षी तात्पुरता व १८७६ मध्ये कायम स्वरूपाचा कायदा करावा लागला.

या कायद्याचा गौरव पुष्कळदा अवास्तव केला जातो. त्याने खूण सक्तीची केली, परंतु ती कोठे करावयाची हे मालकावरच सोपविले. एका कप्तानाने ती धुराड्यावर रंगविल्याची आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, कायद्यातील पळवाट तेवढी मोठी होती. बेंजामिन मार्टेल यांनी जहाजाचा आकार व बांधणी यांवरून मोकळी उंची ठरविण्याचे तक्ते तयार केल्यावरच या मोजमापाला शास्त्रीय बैठक लाभली, आणि १८९० च्या कायद्याने रेषेचे स्थान ठरविण्याचा अधिकार मालकाकडून काढून व्यापार मंडळाकडे दिला. खलाशाला खरे संरक्षण मिळाले ते या चौदा वर्षांनंतर. १९०६ मध्ये ब्रिटिश बंदरांत येणाऱ्या परदेशी जहाजांनाही हा नियम लागू झाला. लंडन येथील १९३० च्या आणि त्याची जागा घेणाऱ्या १९६६ च्या करारांनी (अंमल २१ जुलै १९६८ पासून) तो आंतरराष्ट्रीय झाला.

करारानुसार ३०० मिमी. बाह्य व्यासाचे वर्तुळ व त्याच्या मध्यातून जाणारी ४५० मिमी. लांबीची आडवी पट्टी जहाजाच्या मध्यभागी कोरतात किंवा वितळजोडाने उठवितात व ठळक रंगवितात. नुसता रंग पुरेसा मानीत नाहीत. पट्टीची वरची कड ही उन्हाळी मर्यादा होय. शेजारच्या आखूड रेषांपैकी उष्ण कटिबंधाची रेषा जहाजाच्या उन्हाळी बुडीच्या १/४८ इतकी वर व हिवाळ्याची तेवढीच खाली असते. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्यात जहाज अधिक बुडते; म्हणून नदीतील बंदरांसाठी वेगळी रेषा असते. अरबी समुद्र उष्ण कटिबंधात असला, तरी भर पावसाळ्यात तेथे उष्ण कटिबंधाची सवलत मिळत नाही व उन्हाळी रेषाच पाळावी लागते.

२४ मी. पेक्षा कमी लांबीची नवी जहाजे, मासेमारी नौका व हौशी शिडाच्या नौका यांना हा करार लागू नाही. छोट्या शिडाच्या नौकेवर जलरेषा आखतात ती मुख्यतः तळाचा शेवाळरोधक रंग कोठवर द्यावा यासाठी. नौका जमिनीवर दोन्ही दिशांनी समतल टेकवून नाळ व वरामा यांवर आराखड्यातील उंचीच्या खुणा करतात. मग गवंडी वापरतात तशा पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने ठिकठिकाणी तीच पातळी घेऊन लवचिक पट्टीने खुणा जोडतात. नौकेची बाजू वराम्याकडे पसरट होत जात असल्याने रंगाचा पट्टा पृष्ठभागावर मोजून सारख्याच रुंदीचा ठेवला, तर तो तेथे निमुळता भासतो. म्हणून त्याचीही वरची कड नळीनेच घ्यावी लागते. प्रत्यक्ष वापरात नौका सामानाने थोडी खाली बसते, हे जाणून अनुभवी कारागीर रंगाची कड आराखड्यातील रेषेच्या काही सेंमी. वर धरतात.