पद्मिनीचा धूर

आमच्या पुतण्याने मारेगावात जुनी प्रीमियर पद्मिनी आणली आहे. इंजिन नव्याने बांधताना त्याचा प्रश्न: धूर बाहेर नेणारे मूळचे बिडाचे मॅनिफोल्ड ठेवायचे, की नळ्यांचे हेडर लावायचे?

आधी थोडा इतिहास. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कुर्ल्याला १९६४ पासून फियाट ११०० डिलाईट बनू लागली. १९७४ पासून तीच पद्मिनी. इंजिन १०८९ सीसी, ताकद चाळीसेक अश्वशक्ती.

शाळा सुटल्यावर चार वर्ग एकाच दारात आले की रेटारेटी होते. मॅनिफोल्डमध्ये चार सिलिंडरच्या धुराचे तसेच होते. हेडरमध्ये प्रत्येकाला वेगळी नळी. ठिणगीचा क्रम १-३-४-२, म्हणून पहिली-चौथी आणि दुसरी-तिसरी जोडतात, पुढे दोहोंची एक करतात. लांब, अरुंद नळ्यांनी कमी वेगात ओढ वाढते. आखूड, रुंद नळ्या शर्यतीच्या कामाच्या. रस्त्यावरच्या गाडीला पहिल्याच बऱ्या. पण पातळ नळ्यांमुळे आवाज वाढतो, बॉनेटखाली उष्णता वाढते, सांध्यांना तडे जातात. आपल्या उन्हाळ्यात बीडच टिकते.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपून २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. आता प्रत्येक मूळ भाग म्हणजे पुरावाच.

पुतण्याला म्हटले, "बाबा, हौस म्हणून हेडर लाव; ते बोल्टवर बसते, उद्या निघेल. पण बिडाचे मॅनिफोल्ड तेल लावून जपून ठेव. ते भंगारात गेले तर परत मिळणार नाही."

तुम्हाला काय वाटते?