शोधात न सापडणारी मराठी

कीवर्डच्या युक्त्या जमल्या नाहीत म्हणून मराठी मजकूर शोधात मागे पडला, असे मानणे चूक आहे. सुरुवातीच्या अनेक मराठी संकेतस्थळांवर युनिकोड या सामायिक अक्षर-संकेतप्रणालीबाहेरचे फॉन्ट असत. पडद्यावर देवनागरी दिसे, पण तोच मजकूर दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरांचा गोंधळ उमटे, आणि सर्च इंजिनच्या वाट्यालाही तोच येई. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती. युनिकोड उशिरा स्वीकारण्याची किंमत मराठीने मोजली. युक्त्यांनीही फरक पडतो, हा आक्षेप काही काळ खरा होता. पण कीवर्ड मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये दिलेली कीवर्डची यादी, क्रमवारीत धरत नसल्याचे गूगलने २००९ मध्ये सांगितले, तर २०१२ मध्ये यूट्यूबने व्ह्यूजपेक्षा पाहण्याच्या वेळेला महत्त्व दिले. तेव्हा युक्त्यांपेक्षा लिपीकडे लक्ष द्यावे: मराठी व्हिडिओंची शीर्षके रोमनमध्ये लिहिणाऱ्यांनी वर्णन तरी देवनागरीत लिहावे.