लिनक्स फाइल सिस्टीममधील लॉकच्या चुका : त्या कशा होतात आणि कशा दुरुस्त करतात?

संगणक सुरू असतो, माउस हलतो. पण एखादी फाइल सेव्ह करायला गेले की प्रोग्राम जागेवरच थांबतो आणि तो बंदही करता येत नाही. असे होण्याचे एक कारण कर्नलच्या फाइल सिस्टीममधील लॉकची चूक असू शकते.

लॉक कशासाठी?

एकाच डिरेक्टरीत दोन प्रोग्राम एकाच वेळी बदल करू लागले, तर डिस्कवरची नोंद बिघडू शकते. म्हणून बदल करणारा आधी लॉक घेतो, काम झाले की सोडतो. बाकीचे तोवर थांबतात. १९९६ मध्ये लिनक्सला एकापेक्षा जास्त प्रोसेसर वापरता येऊ लागले, तेव्हा जवळजवळ संपूर्ण कर्नलला एकच मोठे लॉक होते. त्यामुळे कामाचा वेग अडत असे. हळूहळू त्याच्या जागी अनेक लहान लॉक आले आणि २०११ मध्ये ते मोठे लॉक पूर्णपणे काढले गेले. वेग वाढला, पण लॉक कोणत्या क्रमाने घ्यायचे हा नवा प्रश्न उभा राहिला.

डेडलॉक कसा होतो?

समजा, एक प्रोग्राम ‘क’ डिरेक्टरीतून ‘ख’ मध्ये फाइल हलवतो आणि त्याच क्षणी दुसरा ‘ख’ मधून ‘क’ मध्ये. पहिल्याने ‘क’ चे लॉक घेतले, दुसऱ्याने ‘ख’ चे. आता दोघेही एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकतात. यालाच डेडलॉक म्हणतात.

लिनक्सने यावर नियम केला आहे. दोन डिरेक्टऱ्यांमध्ये फाइल हलवताना आधी त्या संपूर्ण फाइल सिस्टीमसाठी असलेले एक खास लॉक घ्यायचे. त्यामुळे असे काम एका वेळी एकच चालते. त्यातही एक डिरेक्टरी दुसरीच्या पोटात असेल, तर वरचीचे लॉक आधी घ्यायचे.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. फाइल सिस्टीम लॉक हातात ठेवून मेमरी मागते. मेमरी कमी असल्याने कर्नल फाइल सिस्टीमलाच सांगतो, ‘तुझी थोडी मेमरी रिकामी कर.’ त्यासाठी तेच लॉक लागले, तर ती स्वतःचीच वाट पाहत बसते. अशा ठिकाणी मेमरी मागतानाच ‘फाइल सिस्टीमकडे परत येऊ नकोस’ अशी खूण द्यावी लागते.

चूक कशी सापडते?

डेडलॉक योगायोगाने घडतो, म्हणून चाचणीत सहसा दिसत नाही. २००६ मध्ये इंगो मोल्नार यांचे ‘लॉकडेप’ हे साधन कर्नलमध्ये आले. ते कोणत्या प्रकारचे लॉक कोणत्या प्रकारानंतर घेतले, याची नोंद ठेवते. एकदा क-नंतर-ख आणि कधीतरी ख-नंतर-क दिसले, की प्रत्यक्ष अडकण्याआधीच ते इशारा देते.

दुरुस्ती करताना

- नुसते लॉक काढून टाकू नये. अडकणे थांबेल, पण डेटा गुपचूप बिघडू शकेल. अडकलेला संगणक निदान लगेच लक्षात तरी येतो.
- त्रुटी आल्यावर बाहेर पडण्याच्या प्रत्येक वाटेवर लॉक सुटते ना, हे तपासावे.
- लॉकडेपचा इशारा कधी खोटाही असतो. पण खात्री न करता तो गप्प केला, तर खरी चूक आत तशीच राहते.
- लॉकचा क्रम कोडमध्येच लिहून ठेवावा. पुढे बदल करणाऱ्याला तो कळायला हवा.