एकवीस वर्षांची अट, खोटं ओळखपत्र आणि महामार्गांचा पैसा

आजचा विषय छोट्या गुन्ह्यांचा आहे. अमेरिकेतल्या कॉलेजात शिकणारा एकोणीस वर्षांचा मुलगा हातात बिअर असताना पकडला जातो आणि त्याच्या खिशात बनावट ओळखपत्र सापडतं. एका संध्याकाळीच त्याच्यावर दोन आरोप लागतात: कमी वयात दारू बाळगणं आणि खोटं ओळखपत्र जवळ असणं. ही जोडी कशी जमली, ते आपण पाहू.

१९३३ साली अमेरिकेतली देशव्यापी दारूबंदी उठली आणि दारूचा कारभार राज्यांच्या हाती गेला. बऱ्याच राज्यांनी पिण्याचं वय २१ ठेवलं. पुढे व्हिएतनामचं युद्ध आलं. अठराव्या वर्षी लढायला पाठवता, मग मत का नाही, असा प्रश्न तरुण विचारू लागले. १९७१ च्या २६व्या घटनादुरुस्तीने अठराव्या वर्षी मताचा हक्क दिला, आणि त्याच लाटेत अनेक राज्यांनी दारूचंही वय खाली आणलं.

पण शेजारच्या राज्यात वय वेगळं असलं की पोरं गाडी काढून सीमेपलीकडे जायची आणि पिऊन परत यायची. अपघात होऊ लागले. १९८० मध्ये कॅलिफोर्नियात कँडी लाइटनर यांची तेरा वर्षांची मुलगी मद्यपी चालकाच्या गाडीखाली गेली. त्यांनी आयांची संघटना उभी केली आणि तिचा दबाव वॉशिंग्टनपर्यंत पोचला.

आता गंमत बघा. दारूचं वय ठरवणं हे राज्यांचं काम. केंद्राकडे मात्र रस्त्यांचा पैसा होता. जुलै १९८४ मध्ये रेगन यांनी सही केलेला कायदा म्हणाला, वय २१ करा, नाहीतर महामार्गांच्या निधीतले आधी पाच आणि नंतर दहा टक्के विसरा. साउथ डकोटा कोर्टात गेलं. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी केंद्राची बाजू उचलून धरली. १९८८ पर्यंत सगळी राज्यं २१ वर आली.

या कायद्याचा रोख दारू विकत घेण्यावर आणि चारचौघांत जवळ बाळगण्यावर आहे. कित्येक राज्यांत आईवडिलांसमोर घरी घेतलेल्या घोटाला सूट आहे. म्हणजे सगळी राखण दुकानाच्या काउंटरवर आणि बारच्या दारात होते, आणि तिथे ओळखपत्रच लागतं. एका वसतिगृहात एकवीसच्या अलीकडची आणि पलीकडची मुलं एकत्र राहतात. खोट्या ओळखपत्राला गिऱ्हाईक मिळालं ते इथे.

आमच्या मते खरी मेख इथे आहे. पहिला आरोप वयाचा, वाढदिवस आला की त्याचं कारणच संपतं. दुसरा आरोप फसवणुकीचा, आणि नोकरी देणारा तो वेगळ्या नजरेने वाचतो. अपघात टाळण्यासाठी आलेल्या नियमाने, गाडीला हातही न लावलेल्या मुलाच्या नावावर खोटेपणाची नोंद चढवली.

पहिल्याच चुकीला अनेक ठिकाणी वर्ग, समाजसेवा आणि मग खटला रद्द, अशी वाट मिळते. तिथल्या नागरिकासाठी ती बरी. आपल्याकडून व्हिसावर गेलेल्या मुलांनी मात्र सावध राहावं. १९९६ च्या कायद्यानुसार, गुन्हा कबूल केला आणि कोर्टाने काही शिक्षा किंवा बंधन घातलं, तर खटला पुढे रद्द झाला तरी परदेशस्थांच्या बाबतीत ती दोषसिद्धी धरली जाऊ शकते. व्हिसाच्या अर्जात अटकेचाही प्रश्न असतो. ‘किरकोळ आहे, कबूल करून मोकळं होऊ’ म्हणण्याआधी स्थलांतराच्या वकिलाला विचारावं ते यासाठी.

२००८ मध्ये शंभरावर कॉलेजप्रमुखांनी या वयाचा फेरविचार करा असं निवेदन काढलं. मुलं चोरून आणि जास्तच पितात, हे त्यांचं म्हणणं. अपघात कमी झाले, हे विरोधकांचं उत्तर. वय २१ वरच राहिलं. रस्त्यावर वाचलेले जीव खरेच आहेत, ते आपण नाकारू नये. पण त्या हिशेबात ही नोंद झालेली मुलंही धरायला हवीत.