निकालाचा भाव

न्यूयॉर्क राज्याच्या १८४६ च्या राज्यघटनेत मताधिकाराविषयीच्या कलमात एक तरतूद होती: ज्या निवडणुकीच्या निकालावर मतदाराने प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष पैज लावली असेल, त्या निवडणुकीपुरता त्याचा मताधिकार हिरावून घेणारा कायदा करण्याची विधिमंडळास मुखत्यारी होती. लाचखोर आणि चोर यांच्याच पंक्तीस पैज लावणारा मतदार बसवणाऱ्या घटनाकारांचे भय उघड आहे. ज्याचे द्रव्य निकालात गुंतले, तो निकालच आपल्या द्रव्याकडे ओढू पाहील, असे ते भय होते.

कायद्याने प्रघात मात्र थांबला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि पुढे विसाव्या शतकातही, अध्यक्षपदाच्या, गव्हर्नरपदाच्या आणि नगराध्यक्षपदाच्या निवडणुकांवर न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटच्या परिसरात उघडपणे सौदे होत. ब्रॉड स्ट्रीटवर उघड्या आकाशाखाली भरणाऱ्या कर्ब बाजारात शेअरांच्या दलालांमध्येच पैजांचेही दलाल वावरत. दोन्ही पक्षांची रक्कम एखाद्या विश्वासू मध्यस्थाकडे अनामत राही, आणि निकाल लागताच जिंकलेल्या रकमेतून शेकडा ५ दलाली कापून उरलेली जेत्याच्या हाती पडे. निवडणुकीच्या मोसमात वृत्तपत्रे आजचा भाव काय, हे प्रचारसभांच्या वृत्तांइतक्याच गांभीर्याने छापीत.

हा व्यवहार सर्वस्वी भरवशावर चाले, आणि भरवसा किती नाजूक असतो हे १८७६ साली दिसून आले. अध्यक्षपदासाठी झालेल्या टिल्डन आणि हेझ यांच्या लढतीचा निकाल काही राज्यांतील मतगणनेच्या वादात कित्येक महिने लटकला, तेव्हा एके काळचा मुष्टियोद्धा, पुढे अमेरिकी काँग्रेसचा सभासद झालेला आणि पैजांची दलाली करणारा जॉन मॉरिसी याने आपल्याकडील पैजा रद्द ठरवून अनामती परत केल्या, परंतु स्वतःची दलाली मात्र ठेवून घेतली. ज्यांची खात्री होती की आपण जिंकलो, त्यांना तो अन्याय वाटल्यास नवल नाही.

या बाजाराची दृष्टी मात्र तीक्ष्ण होती, हे मान्य केले पाहिजे. १८८४ ते १९४० या काळातील १५ अध्यक्षीय निवडणुकांत ऑक्टोबरच्या मध्याला ज्याचे पारडे स्पष्ट जड होते असा उमेदवार केवळ एकदा हरला. १९१६ साली ह्यूज यांच्यावरील विश्वास विल्सन यांनी फोल ठरवला. त्या एका निवडणुकीत सुमारे १ कोटी डॉलर पैजेवर लागले होते. १९३६ नंतर गॅलप यांच्या लोकमत-चाचण्यांना प्रतिष्ठा मिळाली, आणि वृत्तपत्रांना भावाची गरज उरली नाही.

१९८८ साली आयोवा विद्यापीठाच्या काही अर्थशास्त्रज्ञांनी तोच प्रघात संशोधनाच्या वेशात पुन्हा उभा केला. येथे पुढे रूढ झालेले सौद्याचे एक रूप निराळे होते: उमेदवार जिंकला तर १ डॉलर, हरला तर शून्य, अशी हमीची चिठ्ठी विकत घ्यायची, ती ६० सेंटला विकली जात असेल तर बाजाराच्या मते त्याची शक्यता शेकडा ६० आहे असे समजायचे. आपल्या सट्टाबाजाराच्या भाषेत ज्याचा भाव कमी तो प्रबळ मानला जातो. तिकडे उलट, प्रबळाची चिठ्ठी महाग. आयोवात एका व्यक्तीस ५०० डॉलरांपलीकडे गुंतवता येत नसे. २०१४ साली न्यूझीलंडच्या एका विद्यापीठाच्या आश्रयाने निघालेल्या प्रेडिक्टइट या बाजारात ती मर्यादा प्रत्येक चिठ्ठीमागे ८५० डॉलर, आणि व्यवहार करणारे ५०००, अशी होती.

या नव्या बाजाराने काँग्रेसच्या एकेका मतदारसंघाचाही भाव मांडण्यास आरंभ केला, आणि माझ्या मते येथेच प्रकरण अवघड होते. २०१७ साली अटलांटाच्या उत्तरेकडील उपनगरांत, जॉर्जियाच्या सहाव्या मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. पहिल्या फेरीत १८ उमेदवारांतून जॉन ऑसॉफ यांना शेकडा ४८ मते पडली. २० जूनच्या निर्णायक फेरीत कॅरेन हँडेल सुमारे साडेतीन टक्क्यांच्या अंतराने निवडून आल्या. त्या लढतीवर सर्व देशाचे लक्ष होते, प्रचारावर ५ कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाला, चाचण्याही वारंवार झाल्या. म्हणून तेथील भावामागे बहुतांचे ज्ञान आणि बहुतांचे द्रव्य होते. शेकडो इतर मतदारसंघांची ही स्थिती नसते. जेथे चाचणी एखादी किंवा एकही नाही, आणि ग्राहक मूठभर, तेथे मर्यादेपर्यंत पैसे ओतणारे दोन-चार जणही भाव वर चढवू शकतात, आणि तो चढलेला आकडा मग लोकमत म्हणून मिरवतो. धोका भावापुरताच नाही: अध्यक्षपदाचा निकाल फिरवणे एका पैजखोराच्या आवाक्याबाहेरचे होते, परंतु काही शे मतांनी ठरणाऱ्या लहानशा मतदारसंघात शेजाऱ्यांची मते फिरवण्याइतके सामर्थ्य पैशाला सहज येते. १८४६ च्या घटनाकारांना जो मतदार डोळ्यांसमोर दिसत होता, तो अशाच ठिकाणचा असावा.