झेनॉन हेडलाइट : हॅलोजनच्या गाडीतील बदल

तापलेल्या तंतूऐवजी झेनॉन वायूतल्या विद्युत ठिणगीतून प्रकाश देणारा मोटारीचा पुढचा दिवा. बाजारात तो ‘एचआयडी’ नावाने ओळखला जातो. बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीज मोटारीत तो १९९१ मध्ये प्रथम आला. ५५ वॅटचा एच७ हॅलोजन बल्ब सुमारे १,५०० ल्युमेन प्रकाश देतो. ३५ वॅटचा डी२एस झेनॉन सुमारे ३,२००. कमी विजेत दुप्पट उजेड मिळतो हे खरेच आहे. पण तो उजेड कुठे पडतो, हे बल्ब ठरवत नाही. ते त्याच्यामागचा रिफ्लेक्टर किंवा पुढचे भिंग ठरवते. तंतूसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये ठिणगीचा बल्ब खोचला, की समोरच्याचे डोळे दिपणारच.

नांदेड जिल्ह्यातील उमरीसारख्या तालुक्याच्या गावी याचा त्रास शहरापेक्षा जास्त होतो. भोकर किंवा धर्माबादकडे निघाले की गावाबाहेर पथदिव्यांची साथ सुटते. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरची गाडी हाताच्या अंतरावरून जाते. उसाच्या हंगामात मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात, बैलगाड्या असतात, कडेने पायी चालणारी माणसे असतात. अशा वेळी चालकाच्या डोळ्यांपुढे दोन-तीन सेकंद अंधारी आली, तर ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्यात ३३ ते ५० मीटर पुढे गेलेली असते.

आपल्याकडच्या अनेक जुन्या गाड्यांत एच४ बल्ब असतो. तो हातात धरून पाहावा. आत दोन तंतू दिसतात. डिपरच्या तंतूखाली धातूची चिमुकली वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते. त्यामुळे डिपरवर रिफ्लेक्टरचा वरचा भागच कामाला येतो आणि प्रकाश रस्त्यावर उतरतो. वाटीची एक कड १५ अंशांनी कललेली असते. त्यामुळे डावीकडचा उजेड थोडा वर चढतो आणि कडेचा माणूस दिसतो. उजवीकडे मात्र तो समोरच्या चालकाच्या डोळ्यांखालीच कापला जातो. इतक्या नेमक्या मांडणीत तंतूची जागा एखाद्या मिलिमीटरने हलली, तरी ही कड विस्कटते.

एच४च्या जागी बसवायच्या झेनॉन किटमध्ये काचेची एकच नळी असते आणि अप्पर-डिपरसाठी चुंबक तिला पुढेमागे ओढतो. आतली ठिणगी तंतूसारखी सरळ नसते. ती मध्ये वर वाकते आणि दोन्ही टोकांशी सर्वांत प्रखर असते. रिफ्लेक्टरला हा आकार अनोळखी असतो, म्हणून प्रकाश वर, बाजूला, झाडांच्या शेंड्यांपर्यंत उधळतो. चालकाला गाडीसमोरचा रस्ता लख्ख दिसतो आणि तो खूश होतो. मात्र जवळच्या झगमगाटाने डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचे उलट कमी दिसते. ६,००० किंवा ८,००० केल्व्हिनचे निळसर दिवे तर घेऊच नयेत. मूळ झेनॉनचा रंग ४,३०० केल्व्हिनच्या आसपास असतो आणि त्यापुढे निळेपणा वाढेल तसा उजेड घटतो.

बदल करायचाच तर दिव्याचे सगळे अंतरंग बदलावे लागते. दिव्याची काच उघडून आत झेनॉनसाठीच बनवलेला बाय-झेनॉन प्रोजेक्टर बसवतात. त्यातला पत्र्याचा पडदा डिपरवर प्रकाश सरळ रेषेत कापतो आणि अप्परला खाली पडतो. प्रोजेक्टर डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीचा आहे ना, हे आधी पाहावे. जर्मनी, अमेरिका किंवा चीनसाठी बनवलेल्या प्रोजेक्टरची चढती कड उजवीकडे, म्हणजे नेमकी समोरच्याच्या तोंडावर येते. झेनॉनला वीज पुरवणारा बॅलास्ट दिवा पेटवताना २०,००० व्होल्टहून अधिक दाब देतो, तेव्हा दिवे चालू ठेवून वायरिंगला हात लावू नये.

एवढ्यानेही काम पुरे होत नाही. डिपरचा दिवा २,००० ल्युमेनहून प्रखर असेल तर युरोपीय नियमांनुसार दिव्याची उंची आपोआप सांभाळणारी यंत्रणा आणि काच धुणारे फवारे लागतात. मागे खताच्या गोण्या भरल्या की गाडीचे नाक वर होते. एक अंशाचा कल ५० मीटरवर प्रकाश सुमारे ८७ सेंटिमीटर वर नेतो. उन्हाळ्यात काचेवर बसलेली धूळही प्रकाश विखुरते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ सांगतो की प्रकाश कायम खाली वळलेला असावा किंवा चालकाला तो खाली वळवता यावा : दिव्यासमोर ८ मीटरवर, उजवीकडे अर्ध्या मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेला डोळा दिपता कामा नये. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेर बदल करायला मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाबद्दल मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे प्रोजेक्टर कितीही नेटका बसवला तरी तो कायद्यात बसतोच असे नाही.

बहुतेक गाड्यांना झेनॉनची गरजही नसते. जुन्या वायरिंगमुळे बल्बला मिळणारा दाब १० टक्क्यांनी घटला, तर उजेड जवळपास ३० टक्क्यांनी पडतो. रिले टाकून जाड वायरने बॅटरीतून थेट वीज द्यावी, पिवळी पडलेली काच घासून घ्यावी, चांगल्या कंपनीचा ६०/५५ वॅटचाच बल्ब लावावा. १००/९० चा नको, त्याने होल्डर वितळतो. मग टायरची हवा तपासून सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करावी आणि दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर खडूने रेघ मारावी. डिपरची कड त्या रेघेच्या सुमारे १० सेंटिमीटर खाली यावी. फोकस लावताना डॅशबोर्डवरची दिव्यांच्या उंचीची चकती शून्यावर असावी, आणि मागे माणसे किंवा माल भरला की ती पुढच्या आकड्यावर फिरवावी.