खानदेशातील फड : पाणी, पाळी आणि विश्वास

'फड' म्हटले की आपल्यापैकी काहींना तमाशाचा फड आठवेल, काहींना कुस्त्यांचा, आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या मंडळींना उसाचा. पण धुळे जिल्ह्यातील साक्री किंवा नाशिक जिल्ह्यातील सटाण्याकडच्या एखाद्या वयस्कर शेतकऱ्याला विचारलेत तर तो वेगळेच काही सांगेल. त्याच्या लेखी फड म्हणजे नदीच्या बंधाऱ्यावर भिजणाऱ्या जमिनीचा एक सलग तुकडा, आणि त्याबरोबर येणारा सगळा कायदा. हा कायदा कोणत्याही सरकारने केलेला नव्हता. तो गावाने केला आणि गावानेच तीन-चारशे वर्षे पाळला. परक्या गावात राहून चार माणसे एकत्र ठेवण्याची खटपट आपण सगळेच करतो, म्हणून या स्मरणिकेत हा विषय घ्यावा असे वाटले.

पांझरा, मोसम, आरम, गिरणा या त्या नद्या. सह्याद्रीच्या कुशीत उगम पावून तापीच्या खोऱ्याकडे जाणाऱ्या. या नद्यांवर एकाखाली एक असे दगड-चुन्याचे ठेंगणे बंधारे घातलेले आहेत. १८८० साली छापलेल्या खानदेश जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही त्यांची नोंद आहे. हे बंधारे पाणी साठवण्यासाठी नाहीत. नदीची पातळी थोडी उचलायची आणि पाणी बाजूच्या पाटात वळवायचे, एवढेच त्यांचे काम. पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतात, सगळे उताराने. उरलेले आणि पाझरलेले पाणी पुन्हा नदीत, म्हणजे खालच्या बंधाऱ्याच्या वाट्याला. आमच्यासारख्या सिव्हिलवाल्याला यात बांधकाम म्हणून अवघड काही दिसत नाही. जागा मात्र अचूक निवडलेल्या आहेत, त्याला दाद द्यायला हवी. खरे कौशल्य बंधाऱ्याच्या खाली सुरू होते.

बंधाऱ्याखालची सारी जमीन तीन-चार फडांत विभागलेली असे. एका फडात त्या वर्षी एकच पीक. एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसऱ्यात खरिपाचे काही, आणि पुढच्या वर्षी पिकांची अदलाबदल. शक्यतो प्रत्येक शेतकऱ्याची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात असे. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. पाऊस कमी झाला आणि पंचांनी ठरवले की यंदा एक फड कोरडा ठेवायचा, तर नुकसान एकट्याचे होत नसे, सगळ्यांचे थोडेथोडे होई. आपण कोकणात आणि देशावर भाऊवाटणीने झालेल्या तुकड्यांना नावे ठेवतो. इथे त्या तुकड्यांतूनच समता साधलेली होती.

पाणी देण्याचे काम शेतकरी स्वतः करीत नसे. त्यासाठी पाटकरी नेमलेला असे. तो फडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने शेते भिजवीत जाई. शेत कोणाचे हे पाहायचे नाही, पाळी पाहायची. पाटकऱ्यांवर हवालदार, आणि पिकाच्या राखणीला जागल्या. या सर्वांची मजुरी रोख नसून पिकातून मिळे, सुगीला. सगळ्या फडाचे पीक चांगले आले तरच यांची कणगी भरणार! त्यामुळे वरच्या शेतात पाणी तुंबवून खालचे शेत सुकवण्यात पाटकऱ्याचा काडीचा फायदा नव्हता.

हंगामापूर्वी पाटातला गाळ काढायला घरटी माणूस जायचा. जो येणार नाही त्याने बदली मजूर द्यायचा किंवा दंड भरायचा. एकाच फडात सगळीकडे गहू उभा असताना कोणी मध्येच चोरून उसाला पाणी नेतो म्हटले तर तो ऊस लपवणार कुठे? चोरी पकडण्यासाठी हेर लागत नव्हता, पिकाचा रंगच चुगली करी.

आता जरा दूर जाऊ. १९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने 'सायन्स' या साप्ताहिकात एक लेख लिहिला आणि तो जगभर गाजला. त्याचे म्हणणे असे, की गायरान सर्वांचे असेल तर प्रत्येक जण आपले एक जनावर वाढवीत जाणार. फायदा त्याचा एकट्याचा, झीज सर्वांची, आणि शेवटी गायरान उजाड. यावर उपाय दोनच : वाटून खाजगी करा, नाहीतर सरकारने दंडुका घेऊन उभे राहावे. आपल्याकडच्या सरकारी अधिकाऱ्यांनाही हा विचार पटण्यासारखाच होता.

याला खोडून काढले एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी. १९९० साली त्यांचे पुस्तक आले. स्वित्झर्लंडच्या डोंगरातील कुरणे, जपानमधील गावांची जंगले, स्पेनमधील कालवे, फिलिपाइन्समधील शेतकऱ्यांचे बंधारे, असे पुरावे त्यांनी गोळा केले होते. व्हॅलेन्सिया शहरात आजही दर गुरुवारी चर्चच्या दाराशी शेतकऱ्यांचे पाणी-न्यायालय भरते. ना वकील, ना कागद, निकाल तिथल्या तिथे. ही व्यवस्था शतकानुशतके चालली आहे. ऑस्ट्रॉम बाईंना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. मूळच्या त्या अर्थशास्त्राच्या नव्हेतच, राज्यशास्त्राच्या. आमच्यासारख्या डिप्लोमावाल्यांना अशी उदाहरणे वाचून बरे वाटते.

त्यांनी टिकाऊ व्यवस्थांत आढळणारी आठ लक्षणे सांगितली आहेत. ती सगळी इथे देत नाही, पण काही वाचताना खानदेशच डोळ्यांपुढे येतो. कोण आत आणि कोण बाहेर याची हद्द स्पष्ट हवी. नियम त्या जागेला साजेसे आणि पाळणाऱ्यांनीच केलेले हवेत. देखरेख करणारा त्याच लोकांना जबाबदार हवा. दंड पहिल्यांदा हलका, मग चढता. आणि सर्वांत महत्त्वाचे, वरच्या सत्तेने त्यात लुडबूड करू नये.

झुरिकचे अर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर यांनी हेच प्रयोगशाळेत करून पाहिले. त्यांचा २००२ सालचा प्रयोग आपल्या वर्गणीसारखाच आहे. अनोळखी चार जण, प्रत्येकाला २० नाणी. हवी तेवढी सामाईक पेटीत टाकायची. पेटीतल्या रकमेची दीडपटीहून थोडी अधिक रक्कम करून ती चौघांत सारखी वाटायची, टाकलेले असो वा नसो. सर्वांनी सर्व टाकले तर सर्वांचा फायदा, पण न टाकणाऱ्याचा सर्वांत जास्त. अशा प्रयोगांत लोक सुरुवातीला बऱ्यापैकी टाकतात, मग एखादा फुकट्या दिसतो आणि फेरीगणिक वर्गणी उतरत जाते. लोक वाईट असतात म्हणून नव्हे, तर आपणच मूर्ख ठरतो आहोत असे वाटू लागते म्हणून. पण स्वतःचे एक नाणे खर्चून चुकाराची तीन कमी करण्याची मुभा दिली की लोक ती वापरतात, आणि वर्गणी चढते. अर्थात हा दंडही सगळीकडे सारखा लागू पडत नाही. गेख्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली निरनिराळ्या देशांतील १६ गटांवर हाच प्रयोग केला, तेव्हा काही ठिकाणी भरपूर वर्गणी देणाऱ्यालाच दंड ठोकणारे महाभाग निघाले! मंडळांत काम केलेल्यांना याचे फार नवल वाटणार नाही.

माझ्या मते या सर्वांचे सार रेल्वेतल्या माणसाला लवकर कळते. पावसाळ्यात रात्री रुळांवर गस्त घालणारे पेट्रोलमन असतात. प्रत्येकाचा ठरलेला पट्टा. पट्ट्याच्या टोकाला शेजारच्या पट्ट्याचा माणूस भेटतो, दोघे आपापली पेट्रोल बुके बदलतात आणि परत फिरतात. शेजाऱ्याचे पुस्तक हातात आहे, म्हणजे हा माणूस टोकापर्यंत आला होता. मुसळधार पावसात, काळोखात, त्या दोघांच्या भरवशावर वरून हजार-दीड हजार माणसे झोपेत जातात. हा भरवसा कोणाच्या चेहऱ्याकडे पाहून ठेवलेला नाही. रचनाच अशी केली आहे की खरेपणा सोपा जावा आणि लबाडी अवघड. फडावरचा पाटकरीही तसाच. विश्वास आधी होता म्हणून फड चालला असे नव्हे. फड नीट चालत राहिला म्हणून विश्वास साठत गेला.

फडाचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवू नये. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला होता. ज्याला जमीन नाही त्याला पाणी नाही. घाम गाळला त्याचे धान्य मिळे, पण हिस्सा नाही. ही उणीव ओळखली विलासराव साळुंखे यांनी. हे पुण्याचे अभियंता-उद्योजक. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातील हाल पाहून ते नायगावला गेले आणि तिथे पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम ऐकण्यासारखे आहेत : पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या संख्येवर, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, आणि ऊस लावायचा नाही. उसाची ही अट ज्यांनी मान्य केली त्यांना किती मन मारावे लागले असेल, हे पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायला नको. साळुंखे २००२ साली गेले.

इकडे फड मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विस्कटत गेले. वरच्या अंगाला धरणे झाली, मोसमवर हरणबारीचे झाले, आणि नदीत पाणी केव्हा आणि किती सोडायचे हे गावाच्या पंचांऐवजी पाटबंधारे खाते ठरवू लागले. वीज आली, विहिरींवर पंप बसले. ज्याच्या शेतात विहीर त्याला पाळीची पर्वा उरली नाही. बागलाणात डाळिंब, द्राक्षे, कांदा आला, मग 'सगळ्यांनी एकच पीक' कोण ऐकणार? यात शेतकऱ्याला दोष देता येत नाही, पैसा त्यालाही हवाच. पण गाळ काढायला घरटी माणूस येईनासा झाला, पाटकऱ्याला धान्य देणे जड वाटू लागले. एक माणूस गैरहजर राहिला तर दंड करता येतो, पन्नास राहिले तर दंड कोण करणार? काही बंधाऱ्यांवर जुनी पद्धत मोडकीतोडकी का होईना टिकून राहिली, पण पूर्वीचा जोर गेला.

आपल्या या कर्नाटकातही हेच घडले. जुन्या म्हैसूर मुलुखात प्रत्येक तलावावर 'नीरगंटी' असे. तलावाची तूब उघडणे, पाळीने पाणी देणे हे त्याचे काम आणि मोबदला धान्याच्या रूपाने. म्हणजे आपल्या पाटकऱ्याचा कानडी भाऊच. बंगळूर हे अशा तलावांचे शहर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हेसरघट्ट्याहून नळाचे पाणी आले, १९७४ मध्ये कावेरीचे आले, आणि तलावाकडे पाहण्याची कोणाला गरज उरली नाही. ज्याच्यावर कोणाचे पोट अवलंबून नाही त्याची राखण कोण करणार? सिटी स्टेशनातून बाहेर पडून आपण मॅजेस्टिकला बस पकडतो ती जागा म्हणजे पूर्वीचा धर्मांबुधी तलाव. कंठीरव स्टेडियमच्या जागी संपंगी तलाव होता.

मार्च २०२४ मध्ये बोअरवेल आटल्या तेव्हा जल मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुणे, बागेला घालणे यावर पाच हजार रुपये दंड लावला. कावेरीचा पाचवा टप्पा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू झाला आणि बऱ्याच भागांना दिलासा मिळाला. पण त्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीत पाणी कशाने पुरले म्हणाल, तर एका फळ्याने. वॉचमन रोज सकाळी टाकीची पातळी फूट-इंचांत लिफ्टशेजारी खडूने लिहू लागला आणि त्याखाली आदल्या दिवशी किती टँकर आले ते. कोणाचे नाव नाही, दंड नाही. पहिला आठवडा कोणी लक्ष दिले नाही. दुसऱ्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आजी रोज खाली येऊन फळा वाचायच्या आणि वर जाताना मजल्या-मजल्यावर आकडा सांगत जायच्या. जूनमध्ये पाऊस झाला, बोअरला पाणी आले, तरी फळा कोणी पुसला नाही. वॉचमन अजूनही रोज आकडा लिहितो.